उजव्या हाताने पारखलेला चाकू

सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं झाली आहेत. किन्हवली गावाबाहेर, मुरबाडच्या रस्त्याला लागून असलेल्या रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली चार बायका रांगेने पोत्यांवर बसल्या आहेत. डाव्या टोकाला रंजिता. तिने आंब्याची एक डोळकाडी, म्हणजे कलमासाठी कापून आणलेली काडी, उचलली, दोन्ही बाजूंनी चाकू ओढला आणि काडीच्या टोकाला पाचर केली. बाकीच्या तिघी अशी पाचर थेट रोपाच्या चिरेत बसवतात. रंजिता तसं करत नाही. ती काडी डोळ्यासमोर आडवी धरते, कापावर चाकूची पाठ टेकवते आणि मधून उजेड दिसतो का ते बघते. उजेड दिसला नाही. तरी तिने काडी फिरवून दुसरी बाजू तपासली.

"सोनं हाय का गो ते?" शेजारच्या गिरजाने विचारलं. "बांध की आता."

"तू तुझं बांध."

"माझी बांधून झाली पण. तू उजेडच बघत बस."

काम दिसायला सोपं आहे. कोयीतून उगवलेलं कोवळं रोप वरून छाटायचं, बुंध्याला मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची डोळकाडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची, प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची आणि वर पातळ पिशवीची टोपी घालायची. काप सपाट असेल तर दोन्ही लाकडं एकमेकांना धरतात आणि तीनेक आठवड्यांत तांबूस फूट येते. काप खोलगट असेल तर मध्ये हवा राहते आणि काडी काळी पडते. मजुरी बांधलेल्या कलमावर मिळत नाही, जगलेल्या कलमावर मिळते. कोणाचं काय जगलं हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या वाफ्याला वेगळ्या रंगाची चिंधी लावलेली असते. रंजिताची चिंधी पिवळी.

आषाढात बांधलेला पिवळ्या चिंधीचा पहिला वाफा जवळजवळ सगळा गेला. रोपवाटिकेचे मालक ज्ञानेश्वर यांनी वाळलेल्या काड्या उपटून घमेल्यात भरल्या आणि घमेलं रंजितासमोर आणून ठेवलं.

"अजून एक वाफा देतो," ते म्हणाले. "तो पण असाच गेला तर मातीवर."

मातीवर म्हणजे पिशव्यांत माती भरायला. तिथे मजुरी कमी असते. पण मजुरीपेक्षा रंजिताला दुसरी गोष्ट खटकत होती: एकदा मातीवर गेलेली बाई पुन्हा कलमावर आल्याचं इथे कोणाला आठवत नाही. तीनेक आठवड्यांपूर्वी बांधलेला तो दुसरा वाफा आज दुपारी उघडायचा आहे.

वाफा गेला तेव्हा ज्ञानेश्वरांच्या मते दोष रंजिताच्या हाताचा होता. रंजिताच्या मते दोष चाकूचा होता, आणि चाकू विकणाऱ्याचा. गिरजाच्या मते दोष रंजिताच्या संशयाचा होता. "इतका वेळ काडी हातात धरून बसल्यावर ती मरंलच," असं तिचं म्हणणं.

संशय हा रंजिताचा स्वभाव आहे आणि ती तो नाकारत नाही. ती छत्तीस वर्षांची आहे, डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर राहते. रेशनच्या तांदळातले वेगळ्या रंगाचे दाणे ती अजूनही वेचून बाजूला काढते. ते पौष्टिक असतात असं अंगणवाडीताईंनी दोनदा समजावलं आहे. एसटीत सुटे पैसे मिळाले की नोट उन्हात धरते. शेजारणीने आणून दिलेलं बियाणं आधी ओल्या फडक्यात बांधून उगवून बघते आणि मगच पेरते. ती डावखुरी आहे. कोयता, विळा, चाकू सगळं डाव्या हातात. आई भिमीने लहानपणी एकच नियम घालून दिला होता: काम कोणत्याही हाताने कर, पण घेताना आणि देताना उजवा. जेवताना, देवळात आणि दुकानात रंजिताचा डावा हात मोकळा दिसत नाही. त्यात पदर असतो, नाहीतर पिशवी.

तिचा जुना चाकू बापाने दिलेला, साधा, घडीचा. नऊ हंगाम चालला. मग मुठीतली खीळ सैल झाली आणि काप घेता घेता पातं मिटून तिच्या बोटावर आलं. जखम भरली, पण खीळ दोनदा ठोकूनही घट्ट बसेना. नवा चाकू घ्यायचं ठरलं. साडेतीनशेच्या वर जायचं नाही हेही ठरलं.

नवरा भगीरथ आसनगावजवळच्या गोदामात माल चढवतो. त्याने मोबाइलवर एक चाकू दाखवला. त्यात पातं होतं, करवत होती, डबा उघडायचा आकडा होता आणि छोटी बॅटरीसुद्धा.

"एवढ्याला हे सगळं देतात?"

"सेल हाय."

"मग पातं कशाचं असंल? डबे उघडायला मी कलम बांधते का?"

"पसंत नाय पडला तर परत करता येतो गो."

"कोणाला? ह्या फोटोला?"

आसनगाव स्टेशनबाहेर चादरीवर चाकू मांडून बसणारा एक विक्रेता असतो. तिथे तिने एक चाकू उघडला, पातं दोन बोटांत धरलं आणि डावीउजवीकडे हलवून बघितलं. ते हललं. मूठ लाकडाची आहे असं तो म्हणाला. तिने मुठीवर नख ओढलं, तर तपकिरी रंगाखालून पांढरं प्लास्टिक निघालं. "घ्यायचं नसेल तर खरवडू नका," तो म्हणाला. तिने चाकू जागेवर ठेवला.

शहापूरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात वेगळाच अनुभव आला. घडीचा चाकू पाहिजे म्हटल्यावर काउंटरवरच्या माणसाने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कशाला पाहिजे?"

"कलमाला."

"आधार कार्ड आहे?"

"चाकूला आधार लागतो?"

"आम्ही विचारून ठेवतो. उद्या काय झालं तर आमचं दुकान येतं मधे."

"मारामारी करायची असती तर घरात कोयता हाय," रंजिता म्हणाली. तरी त्याने चाकू दाखवला. तो चांगला होता. पातं हलत नव्हतं, उघडल्यावर टक्कन बसत होतं. पण तिच्या ठरलेल्या रकमेच्या जवळपास दुप्पट किंमत होती. तो खाली उतरायला तयार नव्हता आणि ती वर चढायला.

राहिलं मुरबाड. बाजारपेठेच्या टोकाला देवराम यांचं बी-बियाणं आणि शेती अवजारांचं दुकान आहे. रंजिता सकाळी लवकर पोचली. देवराम नुकतेच उदबत्ती लावून बसले होते. या भागात धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. देवरामांनी चाकू काउंटरवर ठेवला आणि हात मागे घेतला. रंजिताने तो उजव्या हाताने उचलला. डाव्या हातात पिशवी होती.

तिने पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. प्रत्येक वेळी कान जवळ नेला. पातं हलवून बघितलं. मिटल्यावर धार मुठीच्या तळाला टेकते का ते खालून डोकावून बघितलं, कारण टेकली तर रोज बोथट होणार. खिळीच्या जागी स्क्रू होता. सैल झाला तर आवळता येईल, हे तिला पटलं. मूठ नखाने खरवडली, खाली लाकूडच निघालं. मग तिने धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि थांबली.

"एकाच बाजूला उतार हाय. दुसऱ्या बाजूची धार कुठं गेली?"

"कलमाचा खरा चाकू असाच असतो, बाई. एक बाजू सपाट, एकीला उतार. सपाट बाजू काडीला टेकते म्हणून काप सरळ येतो."

"अर्धं काम करून पुरे पैसे?"

"बाई, चाकू घेताय की सून बघताय?"

"सून बदलता येत नाय. चाकू बदलून द्याल का?"

"न वापरता आणलात तर देईन. वापरल्यावर नाही."

तिने कागद मागितला. देवरामांनी जुन्या बिलाचा कपटा दिला. पिशवी न सोडता तिने तो काउंटरच्या कडेला पोटाने दाबून धरला आणि उजव्या हाताने चिरला. मग केरसुणीची एक काडी मागून ती कापली. काप सरळ आला. किमतीत थोडी घासाघीस झाली, रक्कम साडेतीनशेच्या आत बसली आणि चाकू पिशवीत गेला. दोन तालुके फिरून, जमेल त्या सगळ्या परीक्षा घेऊन तिने तो निवडला होता.

नंतर आषाढ आला आणि वाफा काळा पडला.

पहिल्या काड्या काळ्या पडू लागल्या तेव्हापासूनच रंजिता एकेक शंका तपासत होती. तिला वाटलं, गिरजा चांगल्या डोळकाड्या आधी उचलते. म्हणून तिने एका गठ्ठ्यातल्या काड्या गिरजाच्या देखत अर्ध्या अर्ध्या वाटून घेतल्या. गिरजाच्या जगल्या, तिच्या काळ्या पडल्या. पट्टी सैल बसते की काय म्हणून ती आवळून बांधली. तरी काड्या गेल्या. मग तिने एक वाळलेलं कलम सोडून बघितलं. काप पन्हळीसारखा होता, कडा वर आणि मध्य खोल. जुन्या चाकूने असा काप कधी आला नव्हता. तिने निष्कर्ष काढला: पातं नकली आहे, कापताना वाकतं. देवरामांनी दाखवला एक आणि बांधला दुसरा.

अर्ध्या दिवसाची रजा मागितली तेव्हा ज्ञानेश्वरांनी विचारलं, "मुरबाडला कशाला? दुसऱ्या नर्सरीत बोलणी चालू हायेत काय?"

"चाकू परत करायचाय."

"वाफा मारून झाला, आता चाकू परत," ते म्हणाले. रजा दिली, पण अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.

देवरामांनी चाकू ओळखला आणि हात लावला नाही.

"वापरलेला आहे."

"वापरला म्हणून तर कळलं. पातं वाकतंय. तुमी बदलून दिलात."

"माझ्यासमोर उघडून बघून नेलात तुम्ही! अर्धा तास बघत होतात. मी तुमच्यामुळे चहा गार प्यायलो."

"बांधताना बदलला असंल."

"कागदात गुंडाळलाच नाही मी, बाई. तुम्ही गुंडाळू दिलं नाहीत." देवराम उठून उभे राहिले. दुकानात खत घ्यायला आलेली दोन माणसं ऐकत होती आणि हे प्रकरण त्यांच्यासमोर मिटायला हवं होतं. त्यांनी दारातल्या करंजाची एक डहाळी मोडली आणि काउंटरवर ठेवली. "घ्या. माझ्यासमोर कापा. पातं वाकलं तर पैसे परत, वर बसचं भाडं."

रंजिता चिडलेली होती. तिने पिशवी खाली ठेवली, दुकानाच्या पायरीवर बसली, उजव्या हातात डहाळी घेतली, डाव्या हातात चाकू घेतला आणि रोज ओढते तसा ओढला. काप खोलगट आला. तिने डहाळी वर धरली.

"बघा. बघा सगळ्यांनी."

देवराम डहाळीकडे बघत नव्हते. "तुम्ही डावऱ्या?"

"मग?"

"मग त्या दिवशी उजव्या हाताने का कापून बघितलंत?"

"दुकानात डाव्या हातानं वस्तू उचलू? तुमची भवानी पण झाली नव्हती." भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती डाव्या हाताने होऊ नये हे देवरामांनाही मान्य असावं; ते थेट चाकूकडे वळले.

त्यांनी चाकू उचलला नाही. पायरीवर ठेवायला लावला आणि मग बोटाने दाखवलं. उजव्या हातात धरला की सपाट बाजू काडीला टेकते. डाव्या हातात धरला की उताराची बाजू टेकते आणि पातं आत घुसत जातं. पातं वाकत नव्हतं, चाकू नकली नव्हता. तो उजव्या हातासाठी केलेला होता.

"म्हणजे तुमाला म्हाईत होतं," रंजिता म्हणाली.

"मला कसं कळणार? पिशवी काही तुम्ही सोडली नाहीत."

"डाव्या हाताचा असतो काय?"

"असतो. मी ठेवत नाही. विचारायला कोणी येत नाही." खतवाल्या माणसांपैकी एक हसला. देवराम हसले नाहीत. "अर्ध्या किमतीला परत घेतो. नाहीतर घरी दगडावर दुसरी बाजू पण उतरवा. दोन्हीकडे सारखा उतार झाला की कोणत्या पण हाताला चालेल. पण एकदा दगड लावलात की परत घेणार नाही, अर्ध्याला पण नाही."

"अर्ध्याला घेणार आन् पुऱ्याला विकणार."

"विकणारच. दुकान आहे."

परतीच्या एसटीत रंजिताने हाच विचार केला. अर्धे पैसे घेतले तर हातात चाकू नाही आणि दुसरा वाफा उद्यापासून बांधायचा. दगड लावला आणि देवरामांचं म्हणणं खोटं निघालं, तर चाकूही गेला आणि पैसेही. देवरामांना चाकू परत घ्यायचा नाही म्हणून तर त्यांनी हा उपाय सांगितला नसेल? उतरेपर्यंत हा प्रश्न सुटला नव्हता.

तो सुटला घरी, चुलीमागच्या फळीवरून जुना चाकू काढल्यावर. तिने दोन्ही पाती उंबऱ्यावर शेजारी ठेवली. बापाच्या साध्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार होता. नऊ हंगाम तो तिच्या डाव्या हातात चालला होता आणि त्याच्या धारेकडे तिने कधी अशा नजरेने बघितलंच नव्हतं.

भगीरथ म्हणाला, "अर्धे तर अर्धे, घेऊन टाक."

"तू मोबाइल बघ."

सायकलवर चाक लावून धार काढणारा पाड्यावर येतो, पण त्याच्या चाकावर पातं तापून निळं पडतं म्हणून तिने त्याला दिलं नाही. मोरीजवळचा खरबरीत दगड घेतला, पाणी शिंपडलं आणि सपाट बाजू घासायला बसली. मध्ये मध्ये जुना चाकू शेजारी धरून उतार जुळवत होती. मग बारीक दगडावर फिरवला. त्यानंतर करंजाच्या डहाळ्या कापल्या, प्रत्येक काप उजेडात धरला. भगीरथ जेवायला बसला तेव्हा पायरीवर काड्यांचा ढीग झाला होता आणि तिने अजून चाकू बरा आहे असं म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच चाकूने तिने पिवळ्या चिंधीचा दुसरा वाफा बांधायला घेतला.

आज दुपारचे डबे खाऊन झाल्यावर ज्ञानेश्वर आले. जाळीखाली त्यांना वाकून चालावं लागतं. त्यांनी पिवळ्या वाफ्यातली पहिली टोपी काढली. आत तांबूस फूट होती. त्यांनी काडीला हलका हिसका दिला. फूट कधी कधी काडीतल्या रसावर येते आणि मग गळते, हे त्यांना ठाऊक आहे. काडी जागेवरून हलली नाही. दुसरी टोपी काढली, तिसरी काढली. मग एका कलमाची पट्टी सोडून सांधा बघितला. सांधा भरला होता.

"कोणाकडून बांधून घेतलंस?"

"कोणाकडून म्हंजे?"

"पयला वाफा आख्खा गेला, आन् हा असा? गिरजा, तू बांधलास काय हिचा?"

"माझीच मला पुरत नायत, दादा," गिरजा म्हणाली. "आन् हिचा बांधायला गेले असते तर हिनं माझी झडती घेतली असती."

बाकीच्या दोघी हसल्या. ज्ञानेश्वरांना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी एक रोप आणि एक डोळकाडी रंजितासमोर ठेवली. "बांध. माझ्यासमोर."

रंजिता पोत्यावर बसली. चाकू उघडला, कान जवळ नेऊन बसल्याचा आवाज ऐकला, काडीला दोन काप दिले. पाचर उजेडात धरली, आधी स्वतः बघितली आणि मग त्यांच्याकडे फिरवली. ज्ञानेश्वर पाचरीकडे बघण्याऐवजी तिच्या हाताकडे बघत होते.

"तू डावरी हायेस?"

"तीन हंगाम झाले तुमच्याकडं," रंजिता म्हणाली आणि पट्टी गुंडाळायला लागली.

त्यांनी उरलेल्या टोप्या स्वतः काढल्या, वाळलेल्या काड्या उपटल्या. गेल्या खेपेला घमेलं भरलं होतं. या खेपेला सगळ्या एका मुठीत मावल्या. त्यांनी मूठ उघडून बघितली, मिटली आणि काड्या कुंपणापलीकडे टाकल्या. जाळीबाहेर जाऊन त्यांनी डोळकाड्या आणणाऱ्याला फोन लावला. बायका ऐकत होत्या.

रंजिताने चाकूच्या पात्यावर नख फिरवलं, खोबरेल तेलाचं बोट स्क्रूला लावलं आणि चाकू मिटून कनवटीला खोचला. गिरजाने हात पुढे केला. "बघू दे की तुझा तो चाकू."

रंजिताने तो काढून दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवला. गिरजाने उचलला, उजव्या हाताने एक काडी कापली, काप बघितला आणि चाकू पुन्हा खाली ठेवला. रंजिताने तो उचलला, उघडला आणि धारेला कुठे खाच पडली आहे का ते उजेडात बघितलं.

उद्या सकाळी आठच्या आत टेम्पो येईल. फोनवर डोळकाड्यांचे गठ्ठे चार सांगितले आहेत आणि चौथ्या गठ्ठ्याला पिवळी चिंधी बांधायची आहे.